पाण्यातली बेशरम

मी समुद्र पाहिलेला नाही. लोकांना हे सांगितलं की ते हळहळतात, "अवं, एकदा तरी जाऊन ये." मला नाही जावंसं वाटत. गुडघे दुखतात, गाडीत झोप लागत नाही, आणि तिथं पाहायचं ते काय, पाणीच ना? पण त्या समुद्राकडचे शिंपले निम्मं आयुष्य माझ्या हातून गेले, आणि ते यायचे थांबले तेव्हा आमची चुन्याची भट्टीही थांबली. आता येणारा-जाणारा विचारतो, "भट्टी काहून बंद केली जी?" दर वेळी तेच तेच सांगून तोंड दुखतं. म्हणून एकदाचं लिहून टाकते. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, मला विचारू नये.

आमचं घर नागपुरात, महाल भागात, आणि घराच्या खालच्या खोलीत दुकान. दुकानात एकच माल, पानाला लावायचा चुना. भट्टी मात्र जरीपटक्याच्या पुढं, कामठीच्या बाजूला, कारण महालातल्या गल्लीत धूर केला असता तर शेजाऱ्यांनी आम्हालाच भट्टीत घातलं असतं. मी या घरात सून म्हणून यायला निघाले तेव्हा माहेरच्या मैत्रिणींनी जीव नकोसा केला होता. "चुना लावणाऱ्यांच्या घरी चालली वं!" म्हणायच्या आणि फिदीफिदी हसायच्या. हसा म्हटलं. तुमच्या घरी तरी काय सोनं गाळतात?

चुना दोन प्रकारचा असतो. दगडाचा सगळीकडे मिळतो, पाकिटात, नळीत, डबीत. शिंपल्याचा फार थोडे लोक करतात, आणि आमच्याकडे तोच व्हायचा. सासरे म्हणायचे, "दगडाचा भिंतीले, शिंपल्याचा तोंडाले." हे वाक्य आमच्या ह्यांनी पाळण्यातच ऐकलं असावं. खर्रा घोटणाऱ्यांना काय, पाकिटातला चालतो, तंबाखूपुढं चुन्याची चव कोण पाहतो? पण जुने पानवाले, लग्नाकार्यात विडे करणाऱ्या बायका, जेवल्यावर मोजून एक पान खाणारे म्हातारे आमच्याच दारात यायचे. कुणी सीताबर्डीहून तेवढ्यासाठी ऑटो करून यायचं.

काम सोपं, पण हाडं खिळखिळी करणारं. शिंपले धुवायचे, वाळवायचे, भट्टीत कोळशाचा एक थर, शिंपल्याचा एक थर, असे रचून जाळायचे. निघतात तेव्हा आकार तोच असतो, फक्त पांढरे आणि हलके झालेले. त्यांच्यावर पाणी शिंपडलं की तडतडतात, वाफ सोडतात आणि ज्वारीच्या लाहीसारखे फुलून विरघळतात. मग ते चुन्याचं दूध मलमलीतून गाळायचं आणि रांजणात पाण्याखाली मुरत ठेवायचं. जितका जुना, तितका गोड. हो, चुनाही गोड असतो. ज्यानं खाल्ला त्यालाच माहीत.

आणि एक नेम होता, तो बाईचा. भट्टीतून आलेला प्रत्येक नवा घाणा घरच्या बाईनं आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायचा. पानाच्या तुकड्यावर काडीभर चुना, बाकी काही नाही, कात नाही, सुपारी नाही. जीभ भाजली नाही तर रांजण दुकानात जायचा, भाजली तर नालीत. सासूबाईंनी मला पहिल्याच महिन्यात बसवून सांगितलं होतं, "जे आपल्या जिभेले पचत नाही, ते दुसऱ्याच्या तोंडात नाही घालायचं वं." सासूबाई गेल्या आणि जीभ माझी लागली. आता मला भाजीतलं मीठ धड कळत नाही, तिखटाचा तर पत्ताच नाही. घरचे म्हणतात, हात सैल झाला. हात नाही बाबांनो, जीभ गेली, तुमच्याच धंद्यात गेली.

शिंपले पाठवायचे अण्णा. दक्षिणेकडचा माणूस म्हणजे अण्णा, एवढीच आम्हा नागपूरकरांची अक्कल. ते केरळातले, तिकडं मोठ्या भावाला काहीतरी वेगळंच म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. समुद्राचं पाणी आत घुसतं अशा एका मोठ्या खाऱ्या तळ्याकाठी त्यांचं घर. नाव घेऊन जायचं, बुडी मारून तळाच्या चिखलातून शिंपले उपसायचे. त्यांची बायको ते उकडून मांस वेगळं करायची आणि बाजारात विकायची. मागं उरलेली टरफलं पोत्यांत भरून आमच्याकडं. जाड, बाहेरून काळपट आणि आतून दुधासारखी. त्यांच्या भाषेत त्याला कक्का म्हणतात. मला तिकडचा तेवढाच शब्द येतो.

अण्णांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. फोनवरचं बोलणं ठरलेलं. "भाभी, माल अच्छा है. गाडी निकला." मी विचारायची, "बारिश है क्या?" ते म्हणायचे, "बारिश है." मग हे फोन माझ्या हातातून घेऊन मोठ्यानं सांगायचे, "हमारे यहाँ तो धूप है!" जसं काही ऊन ह्यांनीच करून ठेवलंय. वर्षानुवर्षं एवढंच. यातच आमचा संसार चालला आणि त्यांचाही.

मग पोती कमी यायला लागली. आधी आम्ही म्हटलं पूरपाणी असेल, तब्येत असेल. एक दिवस फोनवर अण्णा म्हणाले, "भाभी, एक नया चीज आया. छोटा. काला. बहुत." मला वाटलं मासा आला असेल. नंतर त्यांनी मोबाइलवर फोटो पाठवले. एका फोटोत नावेला बांधायची दोरी होती म्हणे, पण दोरी दिसतच नव्हती. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तशी ती काळ्या, बारीक, टोकदार शिंपल्यांनी झाकली होती. दुसऱ्या फोटोत बांबू, तोही तसाच. तिसऱ्यात पालथी घातलेली नाव, तिच्या बुडालाही तेच.

हळूहळू सगळं कळलं. ही शिंपली तिकडची नाही. दूरदेशीच्या जहाजांच्या बुडाला चिकटून आली, असं तिथले जाणते लोक म्हणत होते. तिला केसांसारखे धागे असतात, त्यांनी ती मिळेल त्याला धरते, काही नाही मिळालं तर एकमेकींना धरते. पहिल्यांदा लोक खूषच होते, फुकटात खायला मिळालं म्हणून. बाजारात विकलीही काही दिवस. मग इतकी झाली की कुणी विचारेना. तोवर ती सगळ्या तळावर पसरली होती. कक्का बिचारा चिखलात तोंड उघडून बसणारा, त्याच्यावर हिची गोधडी पडली आणि तो खालच्या खाली गुदमरला. अण्णा सांगायचे, "नीचे जाता है, हाथ डालता है, सब वो ही वो. कक्का खाली डिब्बा. अंदर मिट्टी."

"बेशरम आहे वं, बेशरम," हे म्हणाले. शिवी नव्हती ती. आमच्याकडं नाल्याकाठी बेशरमची झुडपं असतात. कापा, जाळा, उपटून फेका, फेकलेल्या काडीलाच पुन्हा पानं फुटतात. कुणी आणली, कशाला आणली, कुणालाच आठवत नाही, आता नाला म्हटला की बेशरम आलीच. ह्यांनी तेच अण्णांना हिंदीत समजावून सांगितलं. अण्णांना काय कळलं कोण जाणे, पण तेव्हापासून तेही म्हणायला लागले, "भाभी, आज भी बेशरम ही मिला."

मी ह्यांना म्हटलं, "अहो, आता दगडाचा आणा. सगळं जग तोच खाते."

"मग आपल्या दुकानात कोण येईन? पाकीट तर पानठेल्यावर पण भेटते," ते म्हणाले. आणि मग ठरलेलं वाक्य, "दगडाचा भिंतीले..."

"माहीत आहे," मी म्हटलं, "तोंडाले. आता तोंडात काय घालायचं ते पहा."

खरं तर त्यांचंही बरोबर होतं. आमच्या दुकानाला दुसरं काही कारणच नव्हतं. आणि तिकडं अण्णांचे बाकीचे गिऱ्हाईक केव्हाच दगडाकडं वळले होते, आम्हीच तेवढे उरलो होतो. आम्ही नाही म्हटलं असतं तर त्यांची नाव काठावर आणि आमची भट्टी थंड. तेव्हा ह्यांनी उपाय काढला की त्या नव्या शिंपलीचाच चुना करून पाहायचा. टरफल ते टरफल. कक्का नाही तर बेशरम सही. झाला तर दोन्ही घरं तरली.

अण्णांची अडचण वेगळीच होती. शिंपली एवढीशी, धाग्यांनी गुंतलेली, बायकोला उकडून मांस काढता येईना. फोनवर ते चाचरत होते. तर हे काय म्हणावेत? "अण्णा, आप जैसा है वैसा भर के भेज दो! उबालने की झंझट मत करो. हमारे नागपूर की धूप में आदमी सूख जाता है, ये क्या चीज है!"

"साब, अंदर मांस है," तिकडून आवाज आला.

"सूख जाएगा!"

मी बाजूला उभी राहून डोकं आपटून घेत होते. "अहो, ट्रकमंधी ऊन नसते, गरमी असते," मी म्हटलं. "तू थांब वं," ते म्हणाले. आमच्या गावाच्या माणसाला दुसऱ्या कशाचा गर्व असो-नसो, उन्हाचा फार. पारा चढला की जसं काही पोरगं पहिलं आलं, अशा थाटात सांगतात. त्या गर्वापायी हे झालं, मी स्पष्टच लिहिते.

ऐन वैशाखात ट्रक आला. वाडीच्या ट्रकअड्ड्यावरून ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला तोच ओरडत, "तुमचा माल आधी उचला जी, माझे हमाल पळून राहिले!" ड्रायव्हरनं तोंडाला दुपट्टा बांधला होता, उन्हासाठी नव्हे. भट्टीवर पोती उघडली आणि बापा रे बापा! मी चुन्याची वाफ सोसली, कोळशाचा धूर सोसला, पण असला वास जन्मात घेतला नव्हता. ताडपत्रीवर पसरलं तर ऊन त्याला वाळवेना, शिजवायला लागलं. कावळे आले, घारी आल्या, कुठकुठली कुत्री आली. शेजारच्या वस्तीतल्या बायका पदर नाकाला लावून आल्या. त्यातली एक म्हणाली, "काकू, भट्टीत काय माणूस जाळून राहिले का?" मी दोन हात जोडले. हे दिवसातून तीन-तीनदा आंघोळ करत होते, तरी महालातल्या घरी आले की गल्लीतली मांजरं त्यांच्या मागून चालायची. तेवढं एक मला हसू आलं त्या दिवसांत.

शेवटी कसंबसं वाळलं आणि भट्टीत गेलं. निघालं ते करडं. गाळून गाळून थकले, तळाशी रेती आणि वर राखेसारखा थर. पानावर काडीभर घेऊन जिभेवर ठेवलं, तर कच्च्या तोंडल्याचा देठ चावावा तसं आधी कडवट, मग कचकच, मग टोकाला असा चटका की डोळ्यांत पाणी. थुंकले. दोन दिवस जेवता आलं नाही.

"मांसामुळे झालं," हे म्हणाले. त्यांना आशा सोडवत नव्हती. मला मात्र त्या वेळी इतका कंटाळा आला होता की आशा काय, वादसुद्धा नको वाटत होता. अण्णांना फोन लावला आणि झालं ते सांगितलं.  मग ते म्हणाले, "साफ करके मैं खुद लाता है. मेरे सामने जलाओ."

ते आले दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरच्या उन्हात. तोवर आमचे जुने रांजण एकेक करत रिकामे होत आले होते. स्टेशनवर ह्यांनी ओळखलं ते पोत्यावरून. एवढासा काळासावळा माणूस, ढगळ पँट, आणि खांद्यावर पोतं. हमालाला हात लावू देईनात. घरी आल्यावर त्यांनी पोतं उघडलं. मी वास घ्यायच्या तयारीनं पदर नाकाला लावला, तर वास नाहीच. एकेक शिंपली चाकूनं खरवडून, धागे तोडून, उकडून, धुऊन, वाळवून आणली होती. दोघं नवरा-बायको त्याच कामाला बसले होते म्हणे, पोतं भरेपर्यंत. अण्णांच्या बोटांना सगळीकडं बारीक चिरा होत्या, त्या शिंपल्यांच्या धारेनं पडलेल्या. माझी बोटं चुन्यानं फाटलेली. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं, मी त्यांच्या, आणि दोघांनीही हात मागं घेतले.

जेवायला काय करावं हा प्रश्नच होता. ह्यांना मटणाचा रस्सा करून मिरवायची हौस. मी म्हटलं, "त्या बिचाऱ्याले मारता काय?" साधं वरण, भात, वांग्याची भाजी केली. तरी पहिल्याच घासाला त्यांचं नाक वाहायला लागलं. पाणी पिऊन, डोळे पुसून म्हणाले, "भाभी, आपका खाना में इतना आग है, भट्टी काहे को रखा?" कितीतरी दिवसांनी आमच्या घरात कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग त्यांना दहीभात दिला.

संध्याकाळी त्यांना खाली दुकानात नेलं. शेवटच्या रांजणात जुना चुना होता, तळाशी वीतभर. झाकण काढलं. अण्णा वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "ये कक्का है?"

"हाँ. आपका ही है."

"इतना सफेद?" त्यांनी बोट बुडवलं आणि दिव्याकडं धरून पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी टरफलं पाठवली, त्याचं पुढं काय होतं ते कधी पाहिलंच नव्हतं. मग सांगितलं की त्यांची बायको पान खाते, रोज खाते, जन्मापासून खाते. मी विचारलं, चुना कुठला? ते म्हणाले, "बाजार का. ट्यूब वाला."  शिंपले उकडायचे तिनं, आणि तोंडाला दगड.

दुसऱ्या दिवशी भट्टी लागली. अण्णा उन्हात उकिडवे बसून राहिले, सावलीत या म्हटलं तरी येईनात. ह्यांनी थर रचले, कधी रचले नव्हते इतक्या जपून. निघालेला माल पाहून मला क्षणभर वाटलं, होईल. रंग पुष्कळ बरा होता. पण पाणी शिंपडलं आणि ओळखलं. कक्का कसा तडतडायचा, उसळायचा. हे नुसतं फुस्स करून बसलं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मलमल भिजवायला घेतली. जीभ बोलेल तेव्हा बोलेल.

गाळून, दोन दिवस बसू देऊन चाखायची वेळ आली. भट्टीपुढल्या ओट्यावर आम्ही तिघं. मी पानाचा तुकडा घेतला, काडीभर लावला, जिभेवर ठेवला. पहिल्यासारखा वाईट नव्हता. म्हणूनच तर जास्त वाईट वाटलं. घडीभर वाटलं, चालेल, चालून जाईल, कोण एवढं बारीक पाहतंय? मग ती कचकच आली, आणि मागून जिभेच्या टोकाला चटका.

हे माझ्या तोंडाकडं पाहत होते. अण्णा स्वतःच्या पायांकडं. मी आयुष्यात शेकडो घाणे नालीत ओतायला सांगितले असतील, कधी जीभ अडखळली नाही. त्या दिवशी अडखळली. नाही म्हटलं की हा माणूस रिकाम्या पोत्यासकट परत जाणार, आणि तिकडं ती चिरलेल्या बोटांची बाई वाट पाहत बसलेली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा ते ठाऊक नाही. त्या शिंपलीचा म्हणावा तर तिचा काय दोष, तिला धरायला मिळालं, तिनं धरलं.

"जुन्यात मिसळून पाहू का वं?" हे हळूच म्हणाले. "थोडा जुना, थोडा हा."

शिंपल्याशिवाय दुसऱ्या चुन्याला आयुष्यभर हात न लावलेला माणूस हे म्हणत होता. मला त्यांची इतकी कीव आली की मी मान हलवणारच होते. म्हणणारच होते, हो, पाहू.

तेवढ्यात अण्णांनी माझ्या हातातलं पान घेतलं. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी काडीनं चांगला बोटभर चुना लावला आणि तोंडात टाकलं. त्या माणसाला चुना खायची सवयच नव्हती. डोळे गच्च मिटले, मान झटकली, उठून बाजूला जाऊन थुंकले आणि मग खळखळून चूळ भरली. परत येऊन बसले.

"नहीं भाभी," ते म्हणाले. "आप बोलने नहीं सकता. मैं बोलता है. नहीं."

"अण्णा, और एक बार..." ह्यांनी सुरुवात केली.

"साब, मेरा माल है. मेरे को मालूम. नहीं."

 भट्टीतले निखारे ह्यांनी स्वतःच विझवले. पोत्यातली उरलेली शिंपली अण्णांनी तिथंच खड्ड्यात ओतली, आणि पोतं झटकून, घडी करून पिशवीत ठेवलं. पोतं चांगलं होतं, कामाला येईल म्हणाले.

जायच्या दिवशी मी खाली दुकानात गेले आणि शेवटच्या रांजणातला चुना एका लहान मडक्यात काढला. रांजण खरवडून काढला, तळाची रेघसुद्धा ठेवली नाही. वर पाणी घातलं, तोंड कापडानं बांधलं. आमचे हे दारात उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चुन्यासाठी दोन जुने पानवाले येणार होते, त्यांना हो म्हणून सांगितलेलं होतं. ह्यांनी फक्त वरून आणखी एक कापड आणून दिलं.

अण्णा घेईनात. "भाभी, ये बेचने का है."

"बेचने का नहीं है," मी म्हटलं. "दीदी को दो. हिलवू नका गाडीत. सीधा पकडो."

त्यांनी ते मडकं दोन्ही हातांत धरलं. प्लॅटफॉर्मवर गाडी लागेपर्यंत तसंच धरून उभे होते, ह्यांनी नंतर सांगितलं. पिशवी ह्यांनी उचलली.

आता दुकानात सुपारी, कात, बडीशेप, लवंग-इलायची. शेजारच्या दुकानात मिळतं तेच. भट्टीची जागा तशीच आहे, तिच्या कडेनं आमच्याकडची बेशरम उगवली, उपटायचा कंटाळा येतो. रांजण गच्चीवर पालथे. माझी जीभ म्हणे आता सुधारेल. अजून तरी भाजी खारटच होते.

अण्णा पोचले त्याच्या काही दिवसांनी फोन आला. दुपारची वेळ, मी नुकती आडवी झाले होते. सवयीनं वाटलं, आता म्हणतील गाडी निकला.

"भाभी, घर आ गया. मटका भी." मग म्हणाले, "मेरी घरवाली ने पान खाया. वो पूछती है, ये हमारा कक्का है क्या? मैं बोला, हाँ. वो मानती नहीं. बोलती है, झूठ. आप बोलो उसको."

आणि फोन तिच्या हातात गेला. ती काहीतरी भरभर बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. तिला मराठी कळणार नव्हतं, हिंदीही कदाचित नाही. मला तिकडचा एकच शब्द येत होता.

"कक्का," मी म्हटलं. "तुमचाच. कक्का."

 मग अगदी हळू, पान तोंडात असताना बोलतात तसं, ती म्हणाली, "कक्का."

"हो बाई," मी म्हटलं, "कक्का."

पुढं दोघींनाही काही बोलता येईना, आणि फोनही दोघींपैकी कुणी ठेवेना.